वारा शेत उफणतोय

हिवाळ्यात छत्तीसगढमधल्या आमच्या चरोद्यात सकाळचं पहिलं काम म्हणजे अंगणातल्या तुळशीची पानं ओल्या फडक्यानं पुसणं. पूर्वी ते बायको करायची, निवृत्तीनंतर माझ्याकडे आलं. भोवती कारखाने, मालगाड्यांचं यार्ड आणि मुंबई-हावडा लाइन. त्यामुळे धूळ दिसली की इथं कुणीही चिमणीकडे बोट दाखवतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

गेल्या डिसेंबरात जरा शहानिशा करावी म्हटलं. गच्चीवर पांढरी ताटली ठेवून चार दिवसांची धूळ जमवली. जुन्या स्पीकरमधलं चुंबक कागदात गुंडाळून तिच्यावरून फिरवलं. काळे कण पटापट चिकटले. यार्डाशेजारी राहणाऱ्याला त्याचं नवल नाही. नवल वाटलं ते ताटलीत उरलेल्या धुळीचं. ती पिवळसर होती आणि चिमटीत चोळली तर पिठासारखी मऊ लागत होती. थोडी कच्च्या रस्त्यांची असेल, पण रंग ओळखीचा होता. यार्डापलीकडच्या धानाच्या बांध्यांमधली ती मटासी माती होती.

माझं गाव गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याकडचं. आम्ही मातीला सिहार, मोरांड, कन्हार अशा नावांनी ओळखतो. इकडे मटासी, डोरसा, कन्हार आणि भाठा. कन्हार दोन्हीकडे एकच. रेल्वेत मालगाडीचा गार्ड म्हणून इथं आलो आणि इथलाच झालो, पण शेतकऱ्याच्या पोराची माती ओळखण्याची सवय काही सुटली नाही.

खळ्यावर धान उफणताना आईला वाऱ्याची दिशा बघून उभं राहिलेलं पाहिलंय. सुपातून धान सोडलं की जड दाणा पायाशी पडायचा आणि फोल उडून जायचं. उघड्या शेतावर वारा हेच काम करतो, पण उलट्या हिशोबानं. तिथं उडून जातं ते सत्त्व. सेंद्रिय अंश आणि खताचा कस धरून ठेवणारे कण सगळ्यांत बारीक असतात, तेच आधी जातात. मागं उरते रेती आणि खडे. शेत दिसायला तेवढंच राहतं. युरियाचं पोतं दरवर्षी थोडं लवकर संपतं, तेव्हा कुठं काहीतरी गेल्याची शंका येते.

इथल्या थंडीतला वारा मंद असतो, हे कबूल. माती उडवायला तो एकटा पुरत नाही. खरी वावटळ उठते मार्च-एप्रिलात. पण चोरी मार्चमध्ये झाली तरी कडी डिसेंबरातच काढून ठेवलेली असते. चिखलणी केलेली बांधी वाळली की तिच्यावर घट्ट खपली धरते. खपली शाबूत आणि धसकटं उभी असली, तर वाऱ्याची फारशी मात्रा चालत नाही. ती मोडली की खेळ सुरू होतो. वाळूएवढे कण टुणटुण उड्या मारत जातात, खाली आपटतात आणि बारीक धुळीला वर उधळतात. शंटिंगमध्ये एका वाघिणीचा धक्का पुढच्या दहा वाघिणींपर्यंत जातो, तसंच हे.

कॅनडाच्या गवताळ मैदानांत ही खपली आणि ढेकळं गोठवणारी थंडी फोडते. हिवाळाभर माती गोठते, वितळते आणि भुगा होते, मग तिकडच्या बर्फावर शेताची काळी माती पसरते. आपल्याकडे थंडीला ते जमत नाही, म्हणून आपण रोटाव्हेटर आणला. कापणी हार्वेस्टरनं, उरलेल्या तणसाला काडी, मग रोटाव्हेटरनं जमिनीचं पीठ. त्यावरून मोकाट गुरं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. शहर वाढतंय तशी प्लॉटिंगसाठी घेतलेली शेतंही मुरमाचे रस्ते आखून उघडी पडली आहेत. पुढं पाच-सहा महिने, थेट पावसापर्यंत, जमिनीच्या अंगावर चिंधी नसते.

गार्डाला वजनाचा हिशोब केल्याशिवाय चैन पडत नाही. एका एकरावरून एक मिलिमीटर माती गेली, म्हणजे नखाच्या जाडीपेक्षा फार नाही, तर ती भरते साधारण साडेपाच टन. दहा एकरांची झाली जवळपास एक भरलेली वाघीण. अशा ५८ वाघिणी जोडल्या की अख्खा रेक. एका वाघिणीत टनभर माल कमी भरला तर आमच्याकडे कागदी घोडे नाचायचे. शेतातून अख्खी वाघीण गेली तरी कुणाला मेमो निघत नाही.

शेतातली माती उडते म्हटलं की आपल्याला राजस्थानच आठवतो. जोधपूरची ‘काजरी’ ही संस्था तिथं १९५९ पासून वाऱ्याशी झुंजतेय. त्याआधी अमेरिकेनं डोळे उघडले, तेही माती उडाल्यावरच. १४ एप्रिल १९३५ ला तिथल्या मैदानी राज्यांत मातीच्या वादळानं भरदिवसा अंधार केला आणि त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा झाला. दुर्ग जिल्ह्यात असा काळा दिवस उगवणार नाही. आमच्याकडे पावसाचं पाणीच वाऱ्यापेक्षा जास्त माती नेतं. पण तेही उघड्या जमिनीवरूनच नेतं. थंडीत अंग झाकलं, तर दोन्ही चोरांना दार बंद होतं.

झाकायचं कसं, हे इथल्या जुन्या माणसांना कुणी शिकवायला नको. छत्तीसगढीत त्याला उतेरा म्हणतात. कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी, बांधीत ओल असताना, उभ्या धानातच लाखोळी किंवा जवस फेकून द्यायचं. नांगर नाही, वेगळं पाणी नाही. धान निघतं तेव्हा खाली हिरवं अंथरूण तयार असतं. आमच्या गोंदिया-भंडाऱ्यातही हेच चालायचं. लाखोळी सतत खाल्ल्यानं पाय लुळे पडतात म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली आणि पिकाचं नाव बद्दू झालं. पण रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयानं तिच्यातलं विष अगदी कमी असलेला ‘महातिवडा’ वाण काढला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मग उतेरा मागं का पडला? एकट्यानं पेरून भागत नाही म्हणून. माझ्या दूधवाल्याची तीन एकर मटासी आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, “बाबूजी, मी पेरीन, पण गावाची गुरं सुटली की चार दिवसांत सगळं साफ. रात्रभर राखण कोण करणार?” त्याचं म्हणणं खोटं नाही. खरिपात गुरं बांधून ठेवण्याची ‘रोका-छेका’ ही इथली जुनी गावरीत आहे. २०२० मध्ये राज्य सरकारनं तिला मोहिमेचं रूपही दिलं. पण धान घरात आलं की रीत संपते आणि सगळं शिवार गुरांचं होतं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. रोका-छेका महाशिवरात्रीपर्यंत वाढवा. त्या दिवशी आमच्या देवबलौद्याच्या कलचुरीकालीन शिवमंदिरात जत्रा भरते, त्यामुळे तारीख कुणाला वेगळी सांगावी लागणार नाही. गुरं बांधायची तर चारा लागेल, आणि तो आज आपण शेतात जाळतोय. तणस गोठ्यात न्या, धसकटं उभी राहू द्या, धुऱ्यावर तूर आणि बाभूळ ठेवा. इथल्या धानाच्या बांधांवर बाभूळ पूर्वीपासून आहेच, ती तोडू नका म्हणजे झालं.

आणि याचा भार शेतकऱ्यावर एकट्यावर टाकू नका. २०२३-२४ च्या हंगामापासून सरकार एकरी २१ क्विंटल धान ३१०० रुपयांनी घेतं, म्हणून शेतकरी धानामागं धावतो. त्यात त्याचं काय चुकलं? भाव धानाला मिळतो, झाकलेल्या जमिनीला मिळत नाही. थंडीभर हिरव्या राहिलेल्या एकराला थोडी रक्कम लावून बघा. राखणदाराची मजुरी त्यातून निघाली तरी पुष्कळ झालं.

कोळशाच्या उघड्या वाघिणींचा माल वाऱ्यानं उडू नये म्हणून पाणी मारलेलं मी पाहिलंय. त्या मालाला मालक होता, पावती होती. मातीलाही मालक आहे, फक्त तिची पावती फाटत नाही. तेव्हा दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत गावांनी आणि शहराच्या कडेच्या वॉर्डांनी एवढा एकच ठराव घ्यावा: शिवरात्रीआधी गुरं सुटणार नाहीत आणि तणसाला काडी लागणार नाही. तुळस मी पुसत राहीनच. पुढच्या हिवाळ्यात चुंबक फिरवल्यावर ताटलीत पिवळं कमी उरलं, तर ठराव पाळला गेला असं समजेन.