पोट लहान झाले, पान तेवढेच का?

‘पोटच लहान करून घेतलंय, आता कितीसं खाणार! खाऊ दे की थोडा अशोका.’

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस पंगतीला बसला की असे कुणीतरी प्रेमाने म्हणतेच. अशोका हा तामिळनाडूतल्या तिरुवैयारुचा प्रसिद्ध हलवा. मूगडाळ, गव्हाचे पीठ, भरपूर साखर आणि त्याहून भरपूर तूप घालून तो करतात. पौष वद्य पंचमीला संत-संगीतकार त्यागराजांच्या आराधनेसाठी या गावी येणारा माणूस त्यांच्या पंचरत्न कृती ऐकतो आणि परतताना अशोका बांधून नेतो. तंजावर तिथून जेमतेम बारा किलोमीटरवर आहे आणि तंजावरात मराठी घरे तिथले पहिले मराठा राजे एकोजी यांच्या काळापासून, म्हणजे साडेतीनशे वर्षे नांदत आली आहेत. त्या घरांतला आग्रह आणि पुण्या-कोल्हापुरातल्या घरांतला आग्रह यांत काडीचाही फरक नाही. म्हणून तिरुवैयारुचे पान समोर ठेवून लिहितो आहे. वाचकाने आपल्या गावचे पान मनात आणावे.

त्या प्रेमळ वाक्यामागे एक समजूत आहे. सुरीने एकदा काम केले की खाण्याचा प्रश्न कायमचा मिटला, असे लोकांना वाटते. ही समजूत चुकीची आहे आणि माणसाला इजा करणारी आहे.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते ते पाहू. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात. एरवी लिटरभर अन्न मावणाऱ्या जागी शंभर-दीडशे मिलिलिटरची नळी उरते. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः या काढलेल्या भागात तयार होते, म्हणून सुरुवातीला भूक खरोखरच मंदावते. ‘बायपास’ प्रकारात जठराची जेमतेम तीस मिलिलिटरची पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मधला भाग वळसा घालून टाळला जातो. दोन्हींमध्ये अन्नाची जागा कमी होते. त्या जागेत काय पडावे, हे मात्र कोणताही सर्जन शिवून देऊ शकत नाही. साखर आणि तूप फार थोड्या जागेत फार उष्मांक घेऊन येतात. घास-घास करत दिवसभर अशोका, मुरुक्कू आणि गोड कॉफी घेणाऱ्याचे पोट कधीच गच्च होत नाही आणि वजन निमूट परत चढू लागते.

शिवाय बायपास झालेल्या अनेकांना गोडाची शिक्षा लगेच मिळते. साखर एकदम आतड्यात उतरली की अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. कुणाला दीड-दोन तासांनी रक्तातली साखर घसरून गरगरते. पंगतीतच डंपिंग होऊन माणूस पांढराफटक पडला की लोक ‘उन्हाने झालं असेल’ म्हणतात आणि त्याला साखरेचे सरबत देतात! ज्याला असा त्रास होत नाही (स्लीव्हवाल्यांपैकी पुष्कळांना तो होत नाही), त्याने त्यालाच गोडाचा परवाना समजू नये.

आता दुसरी समजूत. ती पहिलीपेक्षा सभ्य दिसते, म्हणून जास्त फसवते. ‘कमी खातोय ना, मग झालं. थोडा दहीभात दे, पचायला हलका.’ आजारी माणसाला दहीभात देणे हा तंजावरातला आणि आपल्याकडचाही जुना, मायेचा रिवाज. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे आहार पातळ असतो, मग घोटलेला, मग मऊ. त्या पायऱ्या डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील तशाच चढायच्या. पण दीड-दोन महिन्यांनी घट्ट अन्न सुरू झाल्यावरही घरात दहीभात, पोंगल आणि रसमभातच चालू राहतो, तेव्हा पोषणाची गाडी रुळावरून उतरते. मऊ, ओलसर भात अरुंद नळीतून सहज घसरून जातो. तो पोट फार वेळ भरलेले ठेवत नाही, म्हणून तासाभरात पुन्हा काहीतरी हवेसे वाटते. आणि त्यात प्रथिने नगण्य असतात.

हिशेब साधा आहे. अशा माणसाला दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने लागतात, बहुतेकांना 60 ते 80. ती मिळाली नाहीत तर वजन उतरते खरे, पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात, केस गळतात, जिना चढताना पाय थरथरतात. दोन इडल्यांत चार-पाच ग्रॅम प्रथिने असतात. शंभर ग्रॅम दहीभातात तीन-चार. त्याच शंभर ग्रॅमच्या जागेत हरभऱ्याचे सुंडल, म्हणजे तामिळ उसळ, घातले तर आठ-नऊ ग्रॅम मिळतात. एका अंड्यात सहा. पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास. ज्याच्या पोटात वाटीभरच मावते, त्याने ती वाटी भाताने भरावी, हे कोणत्या मायेत बसते?

भाताबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण हा कावेरीच्या खोऱ्याचा प्रदेश आहे आणि इथे भाताविरुद्ध बोलणे लोकांना अपमान वाटू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच डॉक्टर आइकमान यांनी जावात पाहिले की कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळाच्या भातावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की सुधारतात. त्या शोधातून पुढे थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, हाती लागले आणि 1929 साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. तामिळ देशात पूर्वापार खाल्ला जाणारा उकडा तांदूळ या बाबतीत शहाणा, कारण उकडताना कोंड्यातले थायमिन काही प्रमाणात दाण्यात शिरते. हे ज्ञान शस्त्रक्रियेच्या रुग्णाला थेट लागू पडते. शरीरात थायमिनचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. शस्त्रक्रियेनंतर सारख्या उलट्या होत असतील आणि घरचे ‘पोट जुळवून घेतंय’ म्हणून नुसत्या पेजेवर ठेवत असतील, तर तोल जाणे, नजर डळमळणे, भ्रम होणे इथपर्यंत मजल जाते आणि मेंदूची ही हानी कायमची राहू शकते. उलट्या थांबत नसतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उकडा तांदूळ खाऊन हा धोका टळत नाही. तिथे औषधच लागते.

ब-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचेही तसेच. टाळलेल्या आतड्यात आणि काढलेल्या जठरात त्यांच्या शोषणाची बरीच सोय होती. म्हणून गोळ्या आणि ठरावीक रक्ततपासण्या जन्मभर चालू ठेवायच्या. ‘आता बरा आहे, गोळ्या कशाला?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकाने मधुमेह्यालाही हाच प्रश्न विचारून पाहावा.

तिसरी समजूत मला सर्वांत जास्त टोचते. दोन-चार वर्षांनी वजन थोडे परत आले की तेच लोक, जे आग्रहाने वाढत होते, म्हणतात, ‘मनाचा निग्रह नाही. एवढा पैसा घालवून पुन्हा तेच.’ आणि त्यातले काही जण आधीपासूनच म्हणत असतात की ही शस्त्रक्रिया म्हणजे आळशांची पळवाट. 2011 साली नितीन गडकरी यांनी ती करून घेतल्यावर महाराष्ट्रात हा विषय घरोघर बोलला गेला, पण तिला पळवाट म्हणण्याची खोड मात्र सुटली नाही.

स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात चार हजारांहून अधिक लठ्ठ माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. निम्म्यांवर शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांवर नेहमीचे उपचार. बायपास झालेल्यांचे वजन वर्ष-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरले. दहा वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर आली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे वजन त्या काळात जवळपास जागच्या जागी राहिले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या गटातले मृत्यूही लक्षणीय कमी आढळले. म्हणजे दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत. थोडे वजन परत येणे हा शरीराचा स्वभाव आहे, त्यात रुग्णाची नीती तपासण्यासारखे काही नाही. आणि उरलेली मोठी घट टिकते, म्हणून ‘सगळं वायाच जातं’ हेही खोटे आहे. निग्रह हवाच, पण तो एकट्या रुग्णाकडून मागणारे घर आपली जबाबदारी झटकते. स्वयंपाक कोण करते, ताटात आधी काय पडते, नको म्हटल्यावर किती वेळा विचारले जाते, हे सगळे घराच्या हाती असते.

‘पण मग आपलं जेवण सोडून डबाबंद पावडरीवरच जगायचं का?’ असा उलट टोकाचा प्रश्नही येतो. पहिल्या महिन्यांत पावडर लागते. तिला नाक मुरडू नये. पण आपल्या परंपरेत काही नाही, हे मला मुळीच मान्य नाही. इथे तंजावरकडेच वळावे लागते. रघुनाथ गणेश नवहस्त यांचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ सतराव्या शतकाच्या अखेरीचा, संशोधक प. कृ. गोडे यांनी त्याचा काळ 1675 ते 1700 दरम्यान ठरवला. एकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाशी या लेखकाचे नाव जोडलेले आहे. धान्ये, कडधान्ये, भाज्या, दूध-दही यांचे गुणदोष त्यात एकेक करून तपासले आहेत. जेवण कुणाच्या प्रकृतीला कसे मानवते, हा प्रश्न तंजावरच्या मराठी जगात पूर्वीच विचारला गेला होता. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांनी स्वयंपाकावरची मराठी टिपणे करून घेतली आणि धन्वंतरी महाल हा दवाखानाही उभा केला. त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या चित्रांसह नोंदी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. ज्या गावच्या राजाला रोग्याची नोंद ठेवण्याचे मोल कळत होते, तिथल्या वारसांनी शस्त्रक्रियेनंतरची तपासणी चुकवावी, हे मला पटत नाही.

या परंपरेतला माझा आवडता पदार्थ डांगर. उडदाचे भाजलेले पीठ दह्यात किंवा ताकात कालवून, हिंग-मोहरीची फोडणी घालून करतात. आपल्याकडेही ते करतात आणि तंजावरच्या मराठी घरांतून ते ‘डांगर पचडी’ होऊन तामिळ स्वयंपाकात रुळले. दोन चमचे पीठ आणि छोटी वाटी दही यांत आठेक ग्रॅम प्रथिने सहज येतात. ते मऊ असते, थोडक्यात भागते आणि पंगतीत वेगळे दिसत नाही. वाटलेल्या डाळीची परुप्पु उसिली, मिश्र डाळींचा अडै, हुलग्याचे कढण, सुंडल, कमी तेलाचे कूटू, मांसाहारी घरात मासे आणि अंडी: सगळे याच मातीतले आहे. बदलायचा तो क्रम. तामिळ पानावर काय किंवा मराठी पानावर काय, आपण भाताने सुरुवात करतो. या माणसाने डाळ, उसळ, पनीर, अंडे आधी खावे, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन घास भात. रसम आणि पाणी जेवणाबरोबर नको. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट-घोट प्यावे आणि दिवसभरात दीड ते दोन लिटरचा हिशेब पुरा करावा. घास बारीक चावावा. वीस-तीस मिनिटे लागली तरी पान उचलण्याची घाई इतरांनी करू नये.

उपासाबद्दलही बोलतो. एकादशीला पाणी कमी आणि साबुदाण्याची खिचडी जास्त, हा आपला शिरस्ता. साबुदाणा बहुतांशी याच तामिळनाडूतल्या सेलमकडून येतो आणि त्यात निव्वळ पिष्ट असते, प्रथिने जवळजवळ नाहीतच. शस्त्रक्रिया झालेल्याने असा उपास केला तर त्या दिवशी त्याच्या शरीराला काहीच मिळत नाही. देवाची क्षमा मागून दूध आणि पनीर घ्यावे, किंवा उपासच सोडावा.

आणि प्रसाद? ‘प्रसाद नाकारू नये’ हा शेवटचा, सर्वांत अडचणीचा आग्रह. नाकारू नयेच. पण प्रसादाची पवित्रता त्याच्या वजनात नसते. त्यागराज उंछवृत्तीने जगले, दारोदारी गात मिळालेल्या धान्यावर त्यांचा संसार चालला, आणि आराधनेत आजही त्या भिक्षाफेरीची आठवण म्हणून मिरवणूक निघते. त्यांच्या गावात चिमूटभर प्रसाद कमी पडला असे कोण म्हणेल? बोटभर अशोका जिभेला लावून हात जोडणाऱ्याला पुन्हा वाढू नये.

म्हणून ही विनंती वाढणाऱ्या हातांना आहे. तुमच्या घरात असा कुणी भाऊ, काकू, सासरे असतील तर पुढच्या जेवणात त्यांच्या पानावर आधी डांगर किंवा उसळ वाढा, लहान वाटीने वाढा, एकदाच विचारा. आणि ‘अजून थोडं घे’ ऐवजी विचारा की ब-12 आणि लोहाची तपासणी शेवटची कधी केली होती; वर्ष उलटून गेले असेल तर या आठवड्यात त्यांना घेऊन जा.