पेडण्याचा पाऊस आणि हवामानशास्त्रज्ञांची संस्था

पेडणे महालातील आगरवाड्याच्या मिठागरांत भरतीचे पाणी मानशीतून, म्हणजे बांधाच्या झडपेतून, आत घ्यावे, पायांनी तुडवून घट्ट केलेल्या चिखलाच्या वाफ्यांत ते उन्हाने आटवावे आणि तळाशी धरलेले मीठ ओढून बांधावर त्याची रास घालावी, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आणि एप्रिलमधली एकच अवकाळी सर त्या साऱ्या श्रमाचे पुन्हा पाणी करून टाकते. त्याच महालात, काही कोसांवरच्या चांदेल-हसापुरात भय असते ते सरहद्दीपलीकडच्या तिळारी खोऱ्यातून येणाऱ्या पुराचे, तर शेजारच्या डिचोली तालुक्यात साखळीचा बाजार वाळवंटी नदीकडे डोळे लावून आषाढ काढतो. हवामानाचा इशारा मात्र बहुधा 'उत्तर गोवा' या एकाच नावाने निघतो. २३ जुलै २०२१ च्या महापुराने, ज्याला मुख्यमंत्र्यांनी १९८२ नंतरचा सर्वांत भीषण पूर म्हटले, इशारा आणि गाव यांतील हे अंतर किती महाग पडते ते दाखवून दिले.

आता हे अंतर मिटण्याची शक्यता निर्माण झाली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत सिद्ध झालेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ही प्रणाली पूर्वीच्या १२ किलोमीटरांऐवजी ६ किलोमीटरांच्या चौकटींतून देशाचे हवामान पाहते. पेडणे तालुका जेमतेम अडीचशे चौरस किलोमीटरांचा. म्हणजे त्याच्या वाट्याला अशा सहा-सात चौकटी येतात. परंतु अंदाज गावाच्या वेशीपर्यंत येणे निराळे आणि तो गावाला उमगणे निराळे. अमुक चौकटीत पावसाची शक्यता साठ टक्के आहे, याचा अर्थ मिठागरवाल्याने आज मीठ ओढावे की उद्या, हे त्याला विश्वासाने सांगणारा माणूस कोण?

हे कार्य माझ्या मते इंडियन मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीचे आहे. १९५६ साली स्थापन झालेली हवामानशास्त्रज्ञांची ही व्यावसायिक संस्था विद्वत्तेत कोठेही उणी नाही. तिची परिसंवादांची परंपरा आदरणीय आहे. तिची अडचण स्वायत्ततेची आहे. तिचे दप्तर दिल्लीच्या मौसम भवनात, हवामान खात्याच्याच वास्तूत. तिचे बहुसंख्य सभासद सरकारी नोकरीत, म्हणजे १९६४ च्या आचार नियमावलीने बांधलेले. अंदाज चुकला की लोक खात्याला जाब विचारतात, खाते खुलासा करते, आणि जिने तटस्थपणे दोन्ही बाजूंना चार शब्द सांगावेत ती संस्था संकोचाने गप्प राहते. ही पोकळी मग भ्रमणध्वनीवरून छातीठोक भाकिते करणारे भरून काढतात. अमेरिकेतील समव्यावसायिक संस्थेने दूरचित्रवाणीवर हवामान सांगणाऱ्यांना पारखून मान्यता देण्याची प्रथा गेल्या शतकाच्या मध्यापासून चालविली आहे. आपल्याकडे अधिकारी कोण आणि उपटसुंभ कोण, हे ओळखण्याचे साधन वाचकाच्या हाती नाही.

दुसरी अडचण भाषेची. पेडणे-डिचोलीत घरोघर मराठी वृत्तपत्र वाचले जाते, नक्षत्रांचे वाहन कोणते हे पंचांगातून पाहिले जाते. शास्त्रज्ञांचे परिसंवाद मात्र इंग्रजीत भरतात आणि इंग्रजीतच विसर्जित होतात. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने शास्त्र आपल्या भाषेत आणण्याचा मार्ग केव्हाच घालून दिला आहे. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोचे ध्रुवीय संशोधन केंद्र आणि आल्तिनोवरील हवामान केंद्र एवढी विद्वत्ता गोव्यासारख्या चिमुकल्या मुलखात एकवटलेली असताना तिने मांडवी ओलांडून पेडण्यापर्यंत यावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

आरंभ तिळारीपासून व्हावा. सिंधुदुर्गाचा अंदाज मुंबईच्या केंद्रातून निघतो, गोव्याचा पणजीहून. पाणी मात्र एकाच खोऱ्यातून उतरते, आणि पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे पेडण्याच्या मामलेदाराचा हुकूम चालत नाही. व्यावसायिक संस्थेला अशी हद्द नाही. तिने पुढील मृगापूर्वी तिळारी धरणाचे अभियंते, दोन्ही केंद्रांचे हवामान अधिकारी आणि नदीकाठच्या पंचायतींचे सरपंच यांची एक बैठक पेडण्यात बोलवावी, तिचे कामकाज मराठीत चालवावे, आणि धरणातून पाणी सोडण्यापूर्वी किती तास आधी, कोणी, कोणाला, कोणत्या शब्दांत कळवायचे, ते तेथेच लिहून काढावे.