गाळलेले पाणी आणि नारू

पाणी गाळून घेणे हा श्रावकाचाराचा अगदी प्राथमिक नियम. जाड कापडाचे दुपदरी गाळणे आणि त्यावर उरलेली जीवाणी ज्या जलाशयातले पाणी त्याच जलाशयात हळुवार सोडण्याची दक्षता, हे दोन्ही जीवदयेपोटी आले. पाण्यातील सूक्ष्म जीवांना अभय द्यावे, एवढाच त्यामागील हेतू. परंतु त्या अभयदानाने माणसाचेही रक्षण होते, हे नारूच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

नारू हा कृमी. त्याची सूक्ष्म पिल्ले सायक्लॉप्स नावाच्या, एक-दोन मिलिमीटर लांबीच्या जलजीवाच्या पोटात वाढतात. असे पाणी न गाळता प्यायले की सायक्लॉप्स जठरात मरतो. पिल्ले मात्र आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. सुमारे वर्षभर रुग्णाला काहीच जाणवत नाही. तोवर मादी हात-दीड हात लांब होऊन त्वचेखाली, बहुधा पायात, उतरते. तेथे फोड येतो, असह्य आग होते. ती शमविण्यासाठी रुग्ण पायविहिरीत पाय बुडवतो आणि त्याच क्षणी मादी हजारो पिल्ले पाण्यात सोडते. या रोगावर ना लस, ना औषध. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा कृमी बाहेर ओढणे हाच उपाय. तो तुटला तर जखम चिघळते. ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस कित्येक आठवडे अंथरुणाला खिळतो.

महाराष्ट्रासह अनेक राज्यांत नारू होता. 1983-84 मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पायविहिरी बंद करून रहाटाने पाणी काढण्याची सोय झाली, कूपनलिका आल्या, पाण्यात सायक्लॉप्सनाशक औषध टाकले गेले, आणि घरोघरी कापडाने पाणी गाळण्याचा आग्रह धरला गेला. 1996 मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला. 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. या उपायांतील गाळणे हा असा, की ज्यात माणूसही वाचतो आणि सायक्लॉप्सही.

मात्र पूर्वजांना नारूचे जीवनचक्र ठाऊक होते, असा दावा करणे योग्य नव्हे. तो अभिमान घातकही ठरू शकतो. कारण प्रत्येक परजीवी कापडावर अडकत नाही. जिआर्डिया आणि अमिबा यांचे कोश इतके सूक्ष्म असतात, की ते कापडाच्या विणीतून सहज निसटतात. जिआर्डिया लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून अन्नरस शोषला जाण्यात अडथळा आणतो. मुले खातात, पण अंगी लागत नाही. अमिबा मोठ्या आतड्यात व्रण करतो, आव-रक्त पडते, प्रसंगी यकृतात गळू होते. या कोशांना नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनही पुरेसे आवर घालत नाही. उकळणे मात्र घालते.

म्हणून पाणी आधी गाळावे, मग उकळावे. आपल्या आचारात हा क्रम आहेच. व्रत-उपवासाच्या दिवसांत तो कसोशीने पाळला जातो. पावसाळ्यात तो रोजचा व्हावा, विशेषतः लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरांत.