फोटो जाळू नका, त्याच्यामागे लिहा

छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलमध्ये जुनी घरं पाडून पक्की बांधली जात आहेत. माळवद उतरवलं की माळ्यावरच्या ट्रंका, देवळीतले डबे, काळवंडलेल्या फ्रेमा एकदम उजेडात येतात. त्यात कधी एखादा असा फोटो निघतो: शेरवानी, डोक्यावर दस्तार, छातीवर पदकं. हैदराबादचा सातवा निजाम, त्याच्या फौजेतला कुणी अधिकारी, क्वचित निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा पुढारी. घरातली माणसं चपापतात. कुणी म्हणतं जाळा, कुणी म्हणतं काचेसकट भंगारात द्या. माझं त्यांना हात जोडून सांगणं आहे, थांबा.

वीसेक वर्षं मी असे फोटो जमवतो आहे. ज्यांच्या राज्यात आपल्या लोकांनी मार खाल्ला त्यांची तोंडं कशाला जपतोस, असं मला घरच्यांनीही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी याचं नाव काढलं की मराठवाड्यातल्या जुन्या माणसांचा आवाज अजून बदलतो. हैदराबाद संस्थानानं भारतात विलीन व्हावं असं लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. महिन्याच्या आत भारत सरकारची पोलीस कारवाई झाली आणि १७ सप्टेंबरला निजामी संपली. त्यानंतर निरपराध मुसलमानांवर जे गुदरलं, ते सुंदरलाल समितीनं नोंदवलं. तो अहवाल लोकांसमोर यायला २०१३ उजाडलं. रझाकारांचा जुलूम आणि नंतरचा हा सूड, या दोन्ही गोष्टी आपल्याच गावांत घडल्या. चेहरे जाळून त्यातली एकही पुसली जाणार नाही. पुसला जाईल तो पुरावा.

पण नुसता फोटो फार खोटं बोलतो, हेही तितकंच खरं. स्टुडिओतलं चित्र बसणाऱ्याच्या पैशानं आणि मर्जीनं निघायचं. त्यात तो रुबाबदारच दिसणार. सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९३७ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून झळकला. फेब्रुवारी १९४९ मध्ये विमानतळावर सरदार पटेलांपुढे हात जोडून उभा असलेलाही तोच. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्याशिवाय माणूस कळत नाही.

म्हणून फोटोच्या पाठीला महत्त्व. मऊ पेन्सिल घ्या आणि हलक्या हातानं लिहा: फोटोत कोण आहे, कुणाच्या घरात होता, कुणी आणला, आजीनं त्याच्याविषयी काय सांगितलं. नक्की माहीत नसेल तर ‘ऐकीव’ असा शब्द घाला. बॉलपेननं लिहू नका, वळ पुढे उमटतो. पाठ काळ्या पुठ्ठ्याची असेल तर वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, मी एक असाच गमावला आहे. अर्धा चेहरा काचेवर राहिला.

विकत घेणाऱ्यांनी आधी भिंग घ्यावं. छापील चित्रात बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. ती मासिकातून कापलेली पानं असतात आणि शहरातल्या जाफर गेटच्या बाजारात ‘असली’ म्हणून गळ्यात मारली जातात. खऱ्या जुन्या कृष्णधवल प्रतीच्या कडांना पुष्कळदा निळसर चंदेरी झाक येते. पुठ्ठ्यावर उठावदार ठसा असेल तर तो फोटोइतकाच जपा. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्या स्टुडिओचं नाव असं ठशात सापडतं. आणि अल्बम कधी फोडून घेऊ नका. पानावर शेजारी कोण बसलं आहे, हाच अर्धा इतिहास असतो.

फोटो ठेवा म्हणजे हार घालून दिवाणखान्यात टांगा, असं मी म्हणत नाही. दर सतरा सप्टेंबरला मोबाइलवर मनाला येईल ती ओळ लिहून फिरवू तर अजिबात नका. त्यानं शेजारधर्म नासतो. कोरड्या डब्यात, कागदात गुंडाळून ठेवा. घरात नकोच वाटत असेल, तर इथल्या मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात जाऊन विचारा.

आणि घरात नव्वदीचं कुणी असेल तर तो फोटो आजच त्यांच्या हातात द्या, शेजारी वही घेऊन बसा. डोळ्यांना दिसत नसेल तर चेहरा कसा आहे ते तुम्ही सांगा. पुढचं ते सांगतील.