उन्हाळी नाही, ते रक्त आहे

आपल्या मोहल्ल्यात चंदा गोळा होतो तो माणूस हातचा गेल्यावर. ग्रुपवर नळ्या लावलेला चेहरा येतो, खाली क्यूआर कोड आणि ‘इम्युनोथेरपीसाठी लाखो रुपये हवेत’. पैसे मीही पाठवतो. पण मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी असा चंदा मागितला गेला की मला राग येतो. या कॅन्सरवरची सगळ्यात जुनी इम्युनोथेरपी लाखांची नाहीच. तिची खूण बहुधा तुमच्या डाव्या दंडावर आहे.

बीसीजी. क्षयाची लस. १९७६ मध्ये कॅनडातल्या डॉ. अल्वारो मोरालेस यांनी ती मूत्राशयात सोडण्याचे निष्कर्ष छापले, १९९० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. गाठ स्नायूपर्यंत गेली नसेल पण उलटण्याचा धोका मोठा असेल, तर दुर्बिणीने ती खरवडून काढल्यावर आजही हाच पहिला उपाय. बारीक नळीने औषध आत सोडतात, दोन तास लघवी रोखायची. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. मग वर्ष ते तीन वर्षं अधूनमधून. दुबळे केलेले जंतू अस्तराला चिकटतात, शरीराची फौज त्यांच्यावर धावून येते आणि कॅन्सरच्या पेशीही तिच्या तावडीत सापडतात. अमेरिकेत या औषधाचा कित्येक वर्षं तुटवडा आहे. आपल्याकडे ते पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनतं.

अट एकच, वेळेत पोचण्याची. गाठ स्नायूत शिरली की बीसीजीचं काम संपतं. मग मूत्राशय काढा, किमो-रेडिएशन घ्या, आणि आजार पसरला की ती लाखांची औषधं.

आमच्या नवेगाव बांधला वेळ कशी जाते? लघवी लाल झाली की निदान घरीच होतं: उन्हाळी लागली. धण्याचं पाणी प्या, सब्जा प्या. दुखत काहीच नाही, दोन दिवसांत रंग साफ होतो आणि सब्जाला श्रेय मिळतं. आपोआप नाहीसा होणारा एरर सगळ्यात वाईट, हे आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात नवखी पोरंही जाणतात. न दुखता आलेलं रक्त, एकदाच आलं तरी, तपासायचंच. त्यातून बिडी ओढणारा असेल तर दुसऱ्या दिवशीच. धूर फुप्फुसात जातो, पण त्यातलं विष मूत्रपिंड गाळतात आणि ते मूत्राशयात तासन्‌तास साचून राहतं. ओढणाऱ्याला हा कॅन्सर होण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे तिप्पट. तेंदूपत्ता आणि बिडीवर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे कुणी बोलत नाही.

आणि शरम! लघवीचं नाव काढायला अब्बा मुलासमोर लाजतात, अम्मी तर डॉक्टरसमोरही. माझ्या नात्यातल्या एका चाचांनी दोन डोसांनंतर उपचार सोडले. लघवीला जळजळ होते, थेंब गळतो, कपडे नापाक, नमाज कशी पढू? कुणा ‘जाणकारा’ने त्यांना सब्र करायला सांगितलं. वास्तविक थेंब थांबतच नसतील तर माणूस माजूर ठरतो, प्रत्येक वक्ताला नवा वुजू करून त्याची नमाज होते. हनफी फिकहातला हा रोजचा मसला आहे. तो सांगायला मिंबर आहे, पण तिथून लशींविरुद्धच्या अफवांना उत्तरही मिळत नाही आणि हा मसलाही ऐकू येत नाही. जळजळ, हलका ताप हे दोनेक दिवसांचं असतं. ताप चढला किंवा टिकला तर लगेच दवाखाना. चालू क्षय असेल तर हे औषध चालत नाही, तेही डॉक्टरला आधी सांगायचं.

राहिला सहा आठवड्यांचा प्रश्न. नवेगावहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. मजुराची सहा दिवसांची रोजी, सोबत्याची तेवढीच, वर गाडीभाडं. चंद्याची खरी गरज इथे आहे, आणि इथे कुणी क्यूआर कोड लावत नाही, कारण दोन तास लघवी रोखून बसलेल्या माणसाचा फोटो कुणाचं काळीज हलवत नाही. आयुष्मान भारतच्या उपचारयादीत मूत्राशयातलं बीसीजी आहे. कार्ड आहे का, कुठल्या रुग्णालयात चालतं, हे शोधणं मोबाइल हातात असलेल्या पोराला अर्ध्या तासाचं काम. आणि गाठ नागपुरात काढली तरी पुढचे डोस गोंदियाच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मिळावेत, अशी मागणी आपण का करत नाही? त्याला नळी, थंड साठवण आणि शिकलेले हात लागतात, दुसरं ऑपरेशन थिएटर नाही. कब्रस्तानाच्या भिंतीसाठी आपण चार वेळा निवेदन देतो. हे पाचवं निवेदन मी लिहून ठेवलंय, सह्या हव्यात.