शेजारी, बंदूक आणि स्वसंरक्षणाचा हक्क

गावात अत्याचार झाला की आपले तरुण एक मागणी हमखास करतात : आम्हाला शस्त्रपरवाने द्या. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांना ठार मारणारे त्याच गावातले होते. त्यामुळे ही मागणी आपण हसण्यावारी नेऊ शकत नाही.

मागणीला कायद्याचा आधारही आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम ३ नुसार अत्याचारप्रवण भागात गरज वाटल्यास सरकार अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने देऊ शकते.

पण परवाना म्हणजे गोळी झाडण्याची मुभा नव्हे. शेजाऱ्याने बांध कोरला, पाणी अडवले, जातिवाचक शिवीगाळ केली, तर त्यासाठी तक्रार आहे, बंदूक नाही. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ पाहा. जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती हवी, पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ नसावा आणि बळ गरजेपुरतेच वापरलेले असावे. पहिला घाव बसेपर्यंत थांबा, असे कायदा सांगत नाही. मात्र धोका टळल्यावर, पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी हा सूडच.

त्याच नियम ३ मध्ये आणखी एक तरतूद आहे : अशा भागातील इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करणे आणि बेकायदा शस्त्रे जप्त करणे. आपल्या जिल्ह्यात असे किती परवाने रद्द झाले? कार्यकर्त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना आधी हा प्रश्न लेखी विचारावा. आपल्या हाती बंदूक येण्यापेक्षा हल्लेखोराच्या हातची जाणे अधिक जीव वाचवेल.