वाढ पडद्यांतून व्हावी, शुल्कातून नव्हे

रिळांच्या काळात एका प्रिंटला हजारो रुपये लागत. त्यामुळे प्रिंटा मोजक्याच निघत आणि तालुक्याच्या टॉकीजला त्या शहरातून झिजून आल्यावर मिळत. मुंबईच्या यूएफओ मूव्हीजने चित्रपट उपग्रहावरून थेट टॉकीजमध्ये पोहोचवायला सुरुवात केली आणि लहान गावालाही पहिलाच शुक्रवार मिळू लागला. कमी भांडवलाच्या मराठी निर्मात्यासाठी हा मोठाच आधार होता. कंपनीने यंत्रे स्वतःच्या खर्चाने बसवली आणि ते पैसे जाहिराती, यंत्रभाडे व निर्मात्याकडून घेतलेले शुल्क यांतून वसूल केले. तो व्यवहार रास्तच होता. पुढची वाढही याच शुल्कावर उभी करावी का, हा आजचा प्रश्न आहे. माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

अमेरिकेत स्टुडिओंनी असेच शुल्क, ‘व्हीपीएफ’ (व्हर्च्युअल प्रिंट फी), मान्य केले. पण ते ठरावीक मुदतीसाठी, यंत्रांचा खर्च भरून निघेपर्यंत. आपल्याकडे त्याला शेवटच उरला नाही. परिणामी मार्च 2018 मध्ये दक्षिणेतल्या निर्मात्यांनी नवे चित्रपट रोखले; तमिळमध्ये तर ही कोंडी दीड महिना चालली. एप्रिल 2025 मध्ये स्पर्धा आयोगाने यूएफओ आणि तिच्या समूहातील स्क्रॅबल डिजिटलला दंड ठोठावला. यंत्र भाड्याने घेतलेल्या टॉकीजमालकांना इतरांकडून चित्रपट घेता येऊ नये, अशा करारांवर आयोगाचा आक्षेप होता. निर्माता आणि टॉकीजमालक या दोन्ही ग्राहकांना बांधून ठेवून मिळणारे उत्पन्न वादातच अडकते.

यावर कंपन्यांचे म्हणणे असे की सर्व्हर जुने होतात, चोरी रोखण्याची व्यवस्था सतत राबवावी लागते आणि हे फुकट होत नाही. ते खरे आहे. म्हणून सेवेचे शुल्क जरूर घ्यावे. पण यंत्राच्या वसुलीपासून ते वेगळे दाखवावे आणि वसुलीची मुदत करारात लिहावी. बंधन नसेल तर आपल्या यंत्रावर प्रतिस्पर्धी कमावतील, ही भीतीही टिकत नाही, कारण यंत्राचे भाडे मिळतच असते. डिजिटल प्रदर्शनासाठीच्या हॉलिवूडच्या डीसीआय मानकात कोणीही तयार केलेली चित्रपटफाइल मान्यताप्राप्त सर्व्हरवर चालते, आणि सुरक्षाही राखली जाते. वाढीची खरी संधी मात्र नव्या पडद्यांत आहे. एकशे चाळीस कोटींच्या देशात पडदे जेमतेम नऊ-दहा हजार आहेत. जाहिरातीचे उत्पन्न प्रेक्षकसंख्येवर चालते. तालुक्याच्या गावी शंभर-दीडशे खुर्च्यांची चित्रगृहे उभी राहण्यास कंपनीने मदत केली, तर यंत्रभाडे आणि जाहिरात दोन्ही वाढतील. लहान चित्रपटाकडून खेळागणिक, परवडेल असे शुल्क घेतले, तर त्या पडद्यांना वर्षभर चित्रपटही मिळतील. नफ्याचा हा रस्ता सावकाशीचा आहे, पण कंपनीसह निर्माता आणि प्रेक्षक तिघांनाही पुढे नेणारा तोच आहे.